घोडा कुणाचा, सेनापती कुणाचा?

आमच्या राजूरच्या शेतकऱ्याला दोन प्रकारचे गडी ठाऊक आहेत. एक आपली बैलजोडी घेऊन येतो, दुसरा धन्याच्या बैलांवर सालाने राबतो. शिवकालीन घोडदळातही असाच भेद होता. घरचा घोडा आणील तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसेल तो बारगीर. महाराजांचा ओढा बारगिरांकडे असे, आणि वेतन जहागिरीऐवजी रोख देण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. ज्याचा घोडा, त्याची मर्जी, हे त्यांनी ओळखले होते.

युरोपातील राजांपुढेही हेच कोडे होते. तेथे सरदार जमिनीच्या मोबदल्यात वर्षाकाठी सुमारे 40 दिवस चाकरी करीत. मुदत सरली की फौज घरी! अखेर 1445 साली फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने कायम पगारी स्वारांची पथके उभारली. त्यासाठी प्रजेवरचा करही कायमचा झाला.

आपल्याकडे मात्र चाक उलटे फिरले. राजाराममहाराजांच्या संकटकाळात खजिना रिता होता. तेव्हा वतने आणि सरंजाम देऊनच सरदार टिकवावे लागले. राज्य तगले, पण फौज सरदारांची झाली.

महादजी शिंद्यांनी हे जाणले. 1784 साली त्यांनी द बॉयन्य या परदेशी सेनानीस चाकरीत घेऊन कवायती पलटणी उभारल्या, आणि पगारासाठी मुलूख तोडून दिला. 1790 साली पाटण व मेडता येथे या पलटणींनी विजय मिळविले. परंतु वरचे बहुतेक अधिकारी परकेच राहिले.

1803 साली इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा त्यांतील अनेकजण चाकरी सोडून गेले. सरसेनापती पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. साधे शिपाई मात्र हटले नाहीत. असई आणि लासवारी येथे गोलंदाज आपल्या तोफांपाशीच पडले.

नागपूरकर दुसरे रघूजी भोसले या युद्धात शिंद्यांच्या बाजूस होते. 29 नोव्हेंबरला वऱ्हाडातच अडगावला पराभव झाला, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांना सोडावा लागला. तो इंग्रजांचा दोस्त निजाम याच्या पदरी पडला. आमचे राजूर वर्धेच्या याच तीरावरचे!

पगारी फौजेला भरला खजिना लागतो, हे खरे. पण तिला हुकूम देणारा माणूसही आपला असावा लागतो. शिपायांनी आपले इमान राखले. ते वाया गेले, ही या कथेतील खरी हानी होय.