१९ मे : एक तारीख, दोन देश

१९ मे रोजी तुर्कस्तानात सार्वजनिक सुटी असते. १९१९ साली याच दिवशी मुस्तफा केमाल काळ्या समुद्रावरच्या सामसुन बंदरात उतरले आणि तुर्कांचा मुक्तिलढा सुरू झाला, हे तिथले शाळकरी पोरही सांगेल. १९३८ पासून तो युवकांचा आणि खेळांचा दिवस म्हणून साजरा होतो. त्याच दिवशी एजियन समुद्रापलीकडे, अथेन्समध्ये, अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. तिथे तो पोन्टसच्या ग्रीकांच्या वंशसंहाराचा स्मृतिदिन आहे. ग्रीक संसदेने २४ फेब्रुवारी १९९४ रोजी तो नेमून दिला. ही तारीख योगायोगाने जुळलेली नाही, मुद्दाम निवडलेली आहे. एकाचा उत्सव, त्याच दिवशी दुसऱ्याचे श्राद्ध.

संसदेने असा दिवस नेमून दिल्याने नेमके काय होते? प्रतीकात्मक ठराव म्हणजे नुसता कागद, असे आपण सहज बोलून जातो. मी इतिहास कोणत्या विद्यापीठात शिकलो नाही. ग्रीक लिपीसुद्धा चाळिशीनंतर, शब्दकोश शेजारी घेऊन गिरवली. पण या एका दिवसाचा माग काढता काढता माझे मत असे झाले आहे की कागद कधीच नुसता राहत नाही. तो कोणाच्या हाती लागतो, त्यावर पुढचे सगळे ठरते.

आधी मूळ घटना. पोन्टस म्हणजे काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा : सामसुन, गिरेसुन, त्राब्झॉन आणि त्यामागचे डोंगर. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ तिथे ग्रीक वस्ती होती. पहिल्या महायुद्धात ऑटोमन सरकारने ख्रिस्ती पुरुषांना शस्त्रे न देता मजूर पलटणींत भरती केले. रस्ते बांधता बांधता थंडीने, उपासमारीने आणि टायफसने त्यातले असंख्य मेले. १९१६ अखेरपासून किनाऱ्यावरची गावे रिकामी करून माणसांना भर हिवाळ्यात अनातोलियाच्या पोटात चालवत नेले. युद्ध संपले तरी हे थांबले नाही. १९२१ मध्ये केमालवाद्यांच्या राजवटीत पुन्हा हद्दपारी झाली, तोपाल ओस्मानच्या टोळ्यांनी गावे जाळली आणि अमास्याच्या न्यायालयाने पोन्टसच्या प्रतिष्ठित ग्रीकांना फासावर चढवले. मृतांच्या आकड्यांवरून आजही वाद आहे. स्मृतिदिनाच्या भाषणांत ३,५३,००० हा आकडा ठरलेला असतो. अनेक इतिहासकार तो फुगवलेला मानतात. वाचलेल्यांची मोजदाद मात्र पक्की आहे. १९२८ च्या ग्रीक जनगणनेत १२ लाखांहून अधिक निर्वासित नोंदले गेले आणि त्यांतले १,८२,१६९ पोन्टसचे होते.

मग संसदेला सत्तर वर्षे का लागली? एक कारण राजनैतिक. ज्या व्हेनिझेलोस यांच्या कारकिर्दीत ग्रीक फौजा १९१९ साली स्मर्नात उतरल्या, त्यांनीच १९३० साली अंकाऱ्याला जाऊन मैत्रीचा करार केला आणि १९३४ मध्ये केमाल यांचे नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवले. पुढे १९५२ साली दोन्ही देश एकदमच नाटोत गेले. दुसरे कारण घरातले. निर्वासितांना ग्रीसमध्ये ‘तुर्कांचे बी’ म्हणून हिणवले जाई. त्यांची बोली स्थानिकांना कळत नसे. तेव्हा दुःख लिरा या तंतुवाद्यावरच्या गाण्यांत राहिले, नाचांत राहिले. १९३१ साली सुमेला मठातली मातेची प्रतिमा एका साधूने ग्रीसमध्ये आणली आणि १९५१ पासून व्हेरिया शहराजवळच्या डोंगरावर तिच्यासाठी नवे सुमेला उभे राहिले. सरकारी स्मृतिदिन नव्हता तेव्हा लोकांनी आपला ऑगस्टमधला उत्सव असा स्वतःच उभा केला होता.

१९८० च्या दशकात तिसरी पिढी बोलू लागली. मिखालिस खारालाम्बिदिस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ‘वंशसंहार’ हा शब्द लावून धरला. हा शब्दच मुळी १९४४ साली लेमकिन यांनी घडवला. १९२१ च्या माणसाकडे आपल्यावर काय गुदरले याला नावच नव्हते. आंद्रेआस पापांद्रेऊ यांच्या सरकारच्या काळात १९९४ चा कायदा झाला. त्यात भरपाई नाही, जमिनीचा दावा नाही, कोणावर खटला नाही. एक दिवस नेमला, इतकेच.

त्याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडत होती. पोन्टसमधून रशियाच्या बाजूला गेलेल्यांचे वंशज, ज्यांतल्या हजारोंना स्टालिनने १९४९ मध्ये कझाकस्तानात हलवले होते, ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर ग्रीसमध्ये येत होते. सुमारे दीड लाख माणसे. संसदेने ज्यांच्या पूर्वजांना वंदन केले तेच हे लोक. पण त्यांच्या वाट्याला अथेन्सच्या कडेची मेनिदी, आस्प्रोपिर्गोस यांसारखी उपनगरे आणि फुटपाथवरचा बाजार आला. शिकलेले इंजिनिअर रंगकाम करू लागले. शेजारी त्यांना ‘रशियन’ म्हणत. मेलेल्यांचा सन्मान स्वस्तात होतो, जिवंतांना घर द्यायला पैसे लागतात, हे मला या प्रकरणात फार बोचले.

परदेशांत मात्र त्या दिवसाला वजन आले. ११ मार्च २०१० रोजी स्वीडनच्या संसदेने आर्मेनियन, असिरियन आणि पोन्टसचे ग्रीक यांच्या वंशसंहाराला १३१ विरुद्ध १३० अशा एका मताने मान्यता दिली. तुर्कस्तानने राजदूत परत बोलावल्या, एर्दोगान यांनी स्वीडनचा दौरा रद्द केला. पुढे राजदूत परतल्या, व्यापारही चालू राहिला. मे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने तसाच ठराव केला, तेव्हा तुर्कस्तानने कळवले की या ठरावामागच्या मंडळींचे गालिपोलीच्या शताब्दीला स्वागत होणार नाही. म्हणजे एका स्मृतीला मान्यता दिली म्हणून दुसऱ्या स्मृतीच्या दारातून परत पाठवण्याची धमकी. प्रतीकाला उत्तर प्रतीकानेच!

खरे परिणाम ग्रीसच्या आत झाले. १९९८ मध्ये संसदेने १४ सप्टेंबर हा आशिया मायनरच्या ग्रीकांचा वेगळा स्मृतिदिन नेमला. एका इतिहासाचे दोन दिवस झाले, आणि संघटनाही आपापला दिवस सांभाळू लागल्या. २००१ मध्ये त्याच्या अंमलबजावणीच्या अध्यादेशावरून वाद पेटला. आंगेलोस एलेफान्तिस यांच्यासारख्या डाव्या लेखकांचा आक्षेप होता की इतिहासाची व्याख्या करणे हे राज्यसंस्थेचे काम नव्हे. त्यांना देशद्रोही ठरवणारेही निघालेच. २००७ मध्ये सहावीचे इतिहासाचे पुस्तक मागे घ्यावे लागले. त्यात १९२२ साली स्मर्नाच्या धक्क्यावर लोकांची ‘दाटी’ झाली, असा गुळमुळीत शब्द होता. शब्द वाईटच होता. पण संतापाची ही भाषा, कोणता शब्द चालेल आणि कोणता नाही हे तपासण्याची ही सवय, स्मृतिदिनांच्या भाषणांनी पोसली होती, असे मला वाटते.

मग २०१४ चा वर्णद्वेषविरोधी कायदा आला. ग्रीक संसदेने मान्य केलेला वंशसंहार द्वेषबुद्धीने नाकारणे हा त्यात गुन्हा ठरला. वीस वर्षांपूर्वीच्या निरुपद्रवी कागदाला आता तुरुंगाचे दार जोडले गेले. शंभराहून अधिक ग्रीक इतिहासकारांनी निषेध केला. या कलमाखाली खटला झाला तो जर्मन इतिहासकार हाइन्स रिश्टर यांच्यावर, आणि तोही पोन्टसबद्दल नव्हे, तर क्रीटच्या १९४१ च्या लढाईवरील पुस्तकाबद्दल. फेब्रुवारी २०१६ मध्ये रेथिम्नोच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि ते कलमच घटनाविरोधी ठरवले. त्याआधी नोव्हेंबर २०१५ मध्ये शिक्षणमंत्री निकोस फिलिस एका मुलाखतीत म्हणाले की रक्तरंजित वांशिक निर्मूलन आणि वंशसंहार यांत शास्त्रीय फरक आहे. राजीनाम्याच्या मागण्या झाल्या, मोर्चे निघाले.

आणि १९ मे २०१८. थेस्सालोनिकीत पांढऱ्या बुरुजापाशी स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला महापौर यानिस बुतारिस आले होते. वय ७५. शहराचा ज्यू आणि ऑटोमन भूतकाळ उघडपणे मान्य करणारा, तुर्की पर्यटकांचे स्वागत करणारा हा माणूस. अतिउजव्यांच्या जमावाने त्यांना घेरून खाली पाडले, लाथा घातल्या. हिंसेच्या बळींसाठी नेमलेल्या दिवशी एका म्हाताऱ्याला मार खाऊन रुग्णालयात जावे लागले.

म्हणून हा दिवस नसावा, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना सत्तर वर्षे कोणी विचारले नाही, त्यांच्या नातवंडांना त्या दिवशी राष्ट्र आपल्यासोबत उभे असल्याचे दिसते. ती किंमत बाहेरच्याने कमी लेखू नये. आपण तर मुळीच नाही. ज्या वर्षांत पोन्टसची गावे जळत होती, त्याच वर्षांत मुंबईतील लाकडाचे व्यापारी मियाँ मोहम्मद छोटानी यांच्या नेतृत्वाखालची मध्यवर्ती खिलाफत समिती स्मर्ना आणि अंगोरा, म्हणजे आजचे अंकारा, यांच्या नावाने निधी जमवत होती. इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात तुर्क हा आपला मित्र होता. आपल्या पुस्तकांत खिलाफत चळवळ आहे, सामसुनच्या डोंगरांतले लोक नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. मेल्पो मर्लिए या संगीताच्या अभ्यासक बाईंनी १९३० मध्ये निर्वासितांची गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यातून आशिया मायनर अध्ययन केंद्र उभे राहिले आणि सुमारे ५,००० निर्वासितांच्या तोंडून दीड लाखाच्या आसपास पाने जमली. गावाचे नाव, विहिरी, सणवार, पळ काढल्याची रात्र. या साक्षींत कत्तल आहे, तसाच लपवून ठेवणारा तुर्क शेजारीही आहे. १९९४ च्या कायद्याच्या चौसष्ट वर्षे आधी हे काम सुरू झाले होते. स्मृतिदिनाच्या भाषणात मात्र तो शेजारी क्वचितच येतो.

त्यातून आणखीही माणसे सुटतात. ३० जानेवारी १९२३ च्या लोझान करारात अदलाबदलीसाठी भाषा नव्हे, धर्म पाहिला गेला. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे पोन्टसचे मुसलमान जागच्या जागी राहिले. त्राब्झॉनच्या पूर्वेला, चायकाराच्या खोऱ्यांत, त्यांची रोमेयका अजून बोलली जाते. प्राचीन ग्रीकमधले जे तुमंत रूप अथेन्सच्या बोलीतून कधीच गेले, ते या बोलीत टिकून असल्याचे केंब्रिजच्या योआन्ना सितारिदू यांनी दाखवले आहे. ही बोली आता मुख्यतः म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी उरली आहे. १९ मे रोजी त्यांच्या नातवंडांना शाळेला सुटी असते.