पहिली गोळी कोणी झाडली?

३ मार्च १९८८ रोजी दिग्दर्शक जॉर्ज लुकास अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. त्या काळी जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग देऊन ते पुन्हा विकण्याचा धंदा जोरात होता. लुकास यांनी त्याला कडाडून विरोध केला. चित्रपट हा समाजाचा वारसा आहे, केवळ हक्क हाती आहेत म्हणून कोणी तो बदलू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी चित्रपट जतनाचा कायदा झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी पहिले २५ चित्रपट निवडले गेले. त्यात लुकास यांचाच १९७७चा ‘स्टार वॉर्स’ होता.

आज दुकानात मिळणारी ‘स्टार वॉर्स’ची डिस्क मात्र त्या चित्रपटाची नाही. या मालिकेच्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, की पाठभेदांचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

पहिला फेरफार व्हिडिओच्याही आधीचा. १९८१मध्ये सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात ‘भाग चौथा’ हे शब्द आले. १९७७मध्ये ते नव्हते. १९९५च्या कॅसेटपर्यंत बाकीचा चित्रपट बहुतांशी जुनाच होता. १९९७मध्ये ‘स्पेशल एडिशन’ आली आणि चित्र पालटले. संगणकीय प्राणी आले, नवी दृश्ये आली, मूळ निगेटिव्हमध्येच नवे तुकडे जोडले गेले. खानावळीत हान सोलो ग्रीडोला गोळी घालतो, त्या प्रसंगात आता ग्रीडोच आधी गोळी झाडू लागला. २००४च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळपास एकाच वेळी सुटतात. २०१९मध्ये तर मरण्याआधी ग्रीडोच्या तोंडी ‘मॅक्लंकी’ असा एक नवाच शब्द आला. धूर्त, स्वार्थी हान पुढे मित्रांसाठी परत येतो, हा त्याचा प्रवास आहे. त्याची पहिली गोळी काढून घेतली, की तो प्रवासच आखूड होतो.

याहून गंभीर गोष्ट माणसांची आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी अनाकिनच्या आत्म्याच्या रूपात सेबॅस्टियन शॉ दिसत. ते १९९४मध्ये वारले. २००४मध्ये त्यांच्या जागी हेडन क्रिस्टन्सन आले. ‘एम्पायर’मधला सम्राटाचा क्लाइव्ह रेव्हिल यांचा आवाज गेला, बोबा फेटचा जेसन विंग्रीन यांचा आवाजही गेला. १९७७च्या ज्या दृश्य-करामतींना ऑस्कर मिळाले, त्यांतल्या कित्येक ठिकाणी आता नंतरचे संगणकीय काम दिसते. पारितोषिक एका कामाला, आणि प्रेक्षकासमोर दुसरेच.

मूळ चित्रपट अजिबातच दिला नाही, असे नाही. २००६च्या डीव्हीडीत तो जोड-डिस्क म्हणून आला, पण १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. रुंद टीव्हीवर चित्र मधोमध लहानसे, चारही बाजूंना काळे. २०११च्या ब्लू-रेमध्ये तेवढेही उरले नाही. उलट डार्थ व्हेडरच्या तोंडी ‘नाही’ अशी नवी किंकाळी घातली गेली.

कलावंताला स्वतःची कृती सुधारण्याचा हक्क नाही का? जरूर आहे. लेखकही दुसऱ्या आवृत्तीत फेरबदल करतो. पण पहिली आवृत्ती कुठल्या तरी ग्रंथालयाच्या कपाटात राहते, अभ्यासक दोन्ही ताडून पाहतो. इथे नवी आवृत्ती आणताना जुनी बाजारातून काढून घेतली गेली. वाद दुरुस्तीचा नाही, दुरुस्तीपूर्वीचा पुरावा नाहीसा करण्याचा आहे. नवी डिस्क जुन्यापेक्षा स्वच्छ आणि झळझळीत असते, म्हणून ती अधिक खरी ठरत नाही.

हा पुरावा जपला तो मुख्यतः चाहत्यांनी आणि अभिलेखागारांनी. चाहत्यांनी १९७७च्या ३५ मिमी प्रिंट शोधून, स्कॅन करून मूळ चित्रपट पुन्हा उभा केला. जून २०२५मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या साठ्यातली १९७७ची टेक्निकलर प्रिंट पडद्यावर दाखवली. १९८८मध्ये लुकास जे बोलले, ते बरोबरच होते. त्यांचा तो युक्तिवाद त्यांच्या स्वतःच्या चित्रपटालाही लागू होतो.