एअर इंडियातील वैमानिकांचे संप (२०११ व २०१२)

एअर इंडियातील वैमानिकांचे संप म्हणजे भारत सरकारच्या मालकीच्या एअर इंडिया या विमान कंपनीत एप्रिल-मे २०११ आणि मे-जुलै २०१२ या काळात झालेले दोन संप होत. पहिला संप पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्समधील वैमानिकांच्या इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन या संघटनेने केला व तो दहा दिवस चालला. दुसरा संप मूळ एअर इंडियातील वैमानिकांच्या इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेने केला व तो ५८ दिवस चालला. पहिल्या संपाच्या मुळाशी वेतनातील समानतेची मागणी होती, तर दुसऱ्याच्या मुळाशी नव्या विमानांवरील प्रशिक्षणाचा आणि बढतीचा प्रश्न होता. २००७ मध्ये दोन कंपन्या एक झाल्या, परंतु त्यांच्या वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता आणि सेवाशर्ती वेगळ्याच राहिल्या. दोन्ही संपांचे समान कारण यात आढळते.

पार्श्वभूमी

१९५३ च्या कायद्याने भारतातील विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोन महामंडळे स्थापन करण्यात आली. परदेशी मार्ग एअर इंडियाकडे (तेव्हाचे नाव एअर इंडिया इंटरनॅशनल) आणि देशांतर्गत मार्ग मुख्यत्वे इंडियन एअरलाइन्सकडे सोपविण्यात आले. पुढे इंडियन एअरलाइन्स शेजारच्या काही देशांतही सेवा देऊ लागली. सुमारे अर्धशतक या दोन्ही संस्थांची वाढ स्वतंत्रपणे झाली. एअर इंडियाच्या ताफ्यात प्रामुख्याने बोइंगची, तर इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात प्रामुख्याने एअरबसची विमाने होती. कामगार संघटना, वेतन करार आणि बढतीचे नियमही वेगवेगळे होते.

२००७ मध्ये केंद्र सरकारने दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण करून नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया ही नवी कंपनी स्थापन केली. २०१० मध्ये तिचे नाव एअर इंडिया लिमिटेड असे करण्यात आले. इंडियन एअरलाइन्सच्या उड्डाणांचा ‘आयसी’ हा संकेत फेब्रुवारी २०११ मध्ये बंद होऊन सर्व उड्डाणे ‘एआय’ या एकाच संकेताखाली होऊ लागली. प्रवाशांच्या दृष्टीने विलीनीकरण येथे पूर्ण झाले. कर्मचाऱ्यांच्या वेतनपत्रकात मात्र ते झालेले नव्हते.

याच काळात कंपनीचा तोटा वाढत गेला. जून २००९ चे वेतन सुमारे पंधरा दिवस उशिरा देण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात उत्पादकतेशी निगडित प्रोत्साहन भत्त्यात कपात जाहीर होताच कार्यकारी श्रेणीतील वैमानिकांनी काही दिवस काम थांबवले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते कामावर परतले.

वेतनाची रचना व मतभेद

विमान कंपनीतील वैमानिकाचे उत्पन्न केवळ मूळ वेतनाचे नसते. त्याचा मोठा भाग उड्डाण भत्त्याचा असतो आणि हा भत्ता महिन्यात झालेल्या उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो. वैमानिकाने किती तास उडावे हे तो स्वतः ठरवत नाही. कामाचे वेळापत्रक व्यवस्थापन आखते. मार्ग कमी झाले, विमाने दुरुस्तीसाठी उभी राहिली किंवा उड्डाणे रद्द झाली, तर वैमानिक कामावर हजर असूनही त्याचे उत्पन्न घटते. त्यामुळे ठरावीक किमान तासांचा भत्ता हमखास मिळावा, ही वैमानिक संघटनांची नेहमीची मागणी असते.

विलीनीकरणानंतर एकाच कंपनीचे वैमानिक दोन वेगवेगळ्या करारांखाली काम करीत होते. त्यांच्या भत्त्यांचे दर आणि पद्धती निराळ्या होत्या. समान पदावर काम करूनही आपल्याला कमी मोबदला मिळतो, असे पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे म्हणणे होते. उलट, आपल्याकडे सहवैमानिकाला कमांडर होण्यास अधिक वर्षे लागतात आणि सेवाज्येष्ठतेच्या याद्या एकत्र केल्यास आपण मागे पडू, अशी भीती मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांना होती. अशा रीतीने एका गटाला अन्याय वाटणारी गोष्ट दुसऱ्या गटाला आपला हक्क वाटत होती.

२०११ चा संप

इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने २७ एप्रिल २०११ पासून संप सुरू केला. त्यात सुमारे ८०० वैमानिक सहभागी झाले. वेतनातील समानता व उड्डाण भत्त्याची हमी या प्रमुख मागण्या होत्या. त्यांच्या जोडीला कंपनीच्या कारभाराची केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत चौकशी करावी, अशीही मागणी संघटनेने केली. कंपनीच्या तोट्याला वैमानिकांचे वेतन नव्हे, तर गैरव्यवस्थापन कारणीभूत आहे, असा संघटनेचा दावा होता.

व्यवस्थापनाने संप बेकायदेशीर असल्याची भूमिका घेऊन संघटनेची मान्यता रद्द केली, तिच्या कार्यालयांना टाळे ठोकले आणि पदाधिकाऱ्यांसह काही वैमानिकांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांना कामावर परतण्याचा आदेश दिला. तो न पाळल्यामुळे न्यायालयाच्या अवमानाची कार्यवाही सुरू झाली. या संपाचा मुख्य फटका देशांतर्गत मार्गांना बसला. उन्हाळी सुट्टीचे दिवस असल्याने अनेक प्रवाशांचे बेत कोलमडले.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाशी झालेल्या चर्चेनंतर ६ मे २०११ रोजी संप मागे घेण्यात आला. बडतर्फ वैमानिकांना परत घेणे आणि संघटनेची मान्यता पूर्ववत करणे या गोष्टी मान्य झाल्या. वेतन व सेवाशर्तींचा प्रश्न मात्र समितीकडे सोपविण्यात आला.

धर्माधिकारी समिती

विलीनीकरणानंतरच्या मनुष्यबळविषयक प्रश्नांचा विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन्ही पूर्वीच्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणी, पदे, सेवाज्येष्ठता व बढती यांचा मेळ कसा घालावा, हे सुचविणे तिचे काम होते. समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल सादर केला. तो अमलात येण्यापूर्वीच नव्या विमानांवरून दुसरा वाद उभा राहिला.

२०१२ चा संप

विलीनीकरणापूर्वी एअर इंडियाने बोइंग कंपनीकडे ६८ विमानांची मागणी नोंदविली होती. त्यांत ७८७ ड्रीमलायनर या प्रकारची २७ विमाने होती. इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३ विमानांची मागणी नोंदविली होती. वैमानिकाला प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन पात्रता मिळवावी लागते. त्यामुळे नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला मिळते, यावर त्या मार्गांवरील उड्डाणे, भत्ते आणि पुढील बढती अवलंबून असते.

ड्रीमलायनरचे प्रशिक्षण दोन्ही गटांतील वैमानिकांना समप्रमाणात देण्याचे व्यवस्थापनाने ठरविले. कंपनी एकच असल्याने तिची विमानेही सर्वांची आहेत, असा व्यवस्थापनाचा युक्तिवाद होता. ही विमाने मूळ एअर इंडियासाठी मागविलेली असल्याने त्यांवर आपल्या सदस्यांचा पहिला हक्क आहे, आणि बढतीचा प्रश्न सुटण्यापूर्वी प्रशिक्षणाची वाटणी करू नये, असे इंडियन पायलट्स गिल्डचे म्हणणे होते.

मे २०१२ च्या दुसऱ्या आठवड्यात गिल्डच्या वैमानिकांनी आजारपणाची रजा कळवून कामावर येणे थांबवले. पुढे संपात सहभागी झालेल्यांची संख्या चारशेहून अधिक झाली. ९ मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा संप बेकायदेशीर ठरवून तो चालू ठेवण्यास मनाई केली. व्यवस्थापनाने गिल्डची मान्यता काढून घेतली आणि सुमारे शंभर वैमानिकांना बडतर्फ केले. या वेळी फटका बसला तो प्रामुख्याने युरोप, अमेरिका व अतिपूर्वेकडील लांब पल्ल्याच्या मार्गांना. कंपनीने उड्डाणांची संख्या कमी करून पर्यायी वेळापत्रक राबविले आणि काही मार्ग तात्पुरते बंद केले. संपामुळे झालेला तोटा सुमारे ६०० कोटी रुपयांचा असल्याचे सांगण्यात आले. त्याआधी एप्रिल महिन्यातच केंद्र सरकारने कंपनीच्या पुनरुज्जीवनासाठी टप्प्याटप्प्याने सुमारे ३०,००० कोटी रुपयांचे भागभांडवल देण्याची योजना मंजूर केली होती.

जूनच्या अखेरीस काही वैमानिकांनी दिल्लीत जंतरमंतर येथे उपोषण केले. ३ जुलै २०१२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिकांनी ४८ तासांत कामावर परतण्याची तयारी दर्शविली आणि बडतर्फांच्या फेरनियुक्तीसह त्यांच्या तक्रारींचा सहानुभूतीने विचार करण्याचे व्यवस्थापनाने मान्य केले. यानंतर संप संपला. पहिले ड्रीमलायनर विमान सप्टेंबर २०१२ मध्ये भारतात दाखल झाले.

कायदेशीर बाजू

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार विमानाने होणारी प्रवासी व मालवाहतूक ही सार्वजनिक उपयोगिता सेवा मानली जात असे. अशा सेवेत पूर्वसूचना दिल्याखेरीज, सूचना दिल्यापासून १४ दिवसांच्या आत, तसेच समेटाची कार्यवाही चालू असताना व ती संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत संप करण्यास मनाई होती. दोन्ही संपांत व्यवस्थापनाने न्यायालयाचा आधार घेतला आणि दोन्ही वेळा न्यायालयाचे आदेश वैमानिकांच्या विरोधात गेले. तथापि दोन्ही संपांचा शेवट केवळ आदेशाने झाला नाही. चर्चा आणि फेरनियुक्तीविषयीचे आश्वासन यांनंतरच वैमानिक कामावर परतले.

परिणाम व नंतरचा काळ

दोन्ही संघटना विमान वाहतुकीच्या वेगवेगळ्या भागांवर नियंत्रण ठेवून होत्या. एकीच्या संपात देशांतर्गत सेवा, तर दुसरीच्या संपात आंतरराष्ट्रीय सेवा विस्कळीत झाली. दोघींनी मिळून लढा दिला नाही, कारण त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. २०१२ मधील वाद तर व्यवस्थापनाइतकाच दुसऱ्या गटाशी होता.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये नव्या व्यवस्थापनाने वैमानिकांसाठी नवी वेतनरचना जाहीर केली. तीत हमखास मिळणाऱ्या उड्डाण भत्त्याचे तास ७० वरून ४० करण्यात आले. या वेळी इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड या दोन्ही संघटनांनी एकत्र येऊन विरोध केला आणि सदस्यांना नव्या करारावर सही न करण्याचे आवाहन केले. १,५०० हून अधिक वैमानिकांच्या सह्यांचे निवेदन रतन टाटा यांना पाठविण्यात आले. एका दशकापूर्वी परस्परांच्या विरोधात उभ्या असलेल्या संघटनांना हमखास तासांच्या जुन्याच प्रश्नाने एका बाजूला आणले.