दम कुठून येतो?

मागे एका नोंदीत मी ओझरतं लिहिलं होतं की हल्ली सकाळी धावायला जातो. त्यावर जेवढे फोन आणि निरोप आले तेवढे माझ्या कुठल्याही 'गंभीर' लेखाला आजवर आले नाहीत :-) नाशिकच्या आत्याने विचारलं, "अरे, नव्वद किलोच्या वर तू, गुडघ्यांचं काय करशील? आधी वजन उतरव, मग धाव." एका ब्लॉगर मित्राचा सल्ला बरोबर उलटा. "तू फक्त धाव, वजन आपोआप उतरेल." आणि चुलतभावाचा एका ओळीचा प्रश्न, "दोन मिनिटांत दम लागतो, तो लागू नये म्हणून काय करायचं?"

तिघांनाही एकदमच उत्तर द्यावं म्हणून वाचायला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. कारण मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. सुटलेल्या पोटाच्या, दम लागणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने धावावं, हे पहिल्यांदा सुचलं कुणाला? आमच्या लहानपणी चिंचवडगावात मोठा माणूस रस्त्याने धावताना दिसला, तर एक तर त्याची बस सुटलेली असायची, नाही तर मागे कुत्रं लागलेलं असायचं. धावणं हे पैलवानांचं, पोलीस भरतीच्या पोरांचं आणि फौजींचं काम.

आपल्याकडची धावण्याची गोष्ट सुरू होते ती अशाच तयार गड्यांपासून. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. सर दोराबजी टाटा तिथे हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे खेडवळ शेतकरी, पायात काही नाही, कुणी शिकवलेलं नाही. पण त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा एक छोटा चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावे आले. त्याच शर्यतीत धावलेल्या सदाशिव दातारांना मात्र ती पूर्ण करता आली नाही.

वाचून छाती फुगते, पण माझ्या उपयोगाचं त्यात फारसं नाही. त्या अनवाणी शेतकऱ्यांचा दम शर्यतीच्या कितीतरी आधी तयार झालेला होता. शेतावर जाणं, बाजाराला जाणं, पाहुण्यांकडे जाणं, सगळं पायीच. धावणं हे त्या रोजच्या चालण्याच्या ढिगावर ठेवलेलं शेवटचं मूठभर. आमच्यापाशी तो ढीगच नाही.

तो गेला कुठे, हे पाहायला मला लांब जावं लागत नाही. आमचे बाबा 1968 साली खटाव तालुक्यातून इकडे आले. एमआयडीसीची स्थापना 1962 ची, त्यामुळे पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या माळावर तेव्हा भराभर कारखाने उठत होते. शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, असं बाबा सांगत. ते स्वतः सोळा वर्षं रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर सायकल मारत होते. तेव्हाच्या फोटोत गळ्याची हाडं दिसतात.

1972 साली बजाजची चेतक आली. ती आमच्याच आकुर्डीत बनायची, पण नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाबांना 1984 साली मिळाली. हार घालून, नारळ फोडून, आम्ही चौघं तिच्यावरून मोरया गोसावीच्या दर्शनाला गेलो ते मला अजून आठवतं. सायकल माळ्यावर गेली. पुढे बाबांना बढती मिळाली, बसायला खुर्ची मिळाली. 1998 साली, सत्तावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात ते गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. स्कूटरला मी दोष देत नाही. विडी होती, मधुमेह होता, आणि आजोबाही असेच गेले होते. पण आज मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, तळवड्यामार्गे चाकणला कंपनीच्या बसमध्ये बसून जातो आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करतो. आत्याच्या प्रश्नामागे खरी काळजी कसली आहे, ते मला कळतं. ती बाबांची सख्खी बहीण.

आता दूरच्या एका कारखान्यातली गोष्ट. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचा एक तरुण बुटांच्या कारखान्यात कामाला होता. रग्बी खेळायचा, स्वतःला धडधाकट समजायचा. साधारण 1945 च्या सुमाराला त्याच्यापेक्षा वयाने बराच मोठा असलेला क्लबातला एक जण त्याला सोबत पाच मैल धावायला घेऊन गेला. परत येईपर्यंत लिडियार्डचा जीव कंठाशी आला. तिशीच्या आत ही गत, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी काय होईल, या विचाराने त्याची झोप उडाली.

मग त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग सुरू केले. त्या काळी धावपटू ठरावीक अंतर जोरात पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं, असा सराव करीत. लिडियार्ड उलट दिशेने गेला. वेग कमी, अंतर जास्त. कधी आठवड्याला 100 मैलांच्याही वर. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून त्याला उमगलं ते असं, की दम तयार होतो धापा न टाकता केलेल्या धावण्यातून. शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच वेग ठेवायचा. 1950 च्या एम्पायर गेम्समध्ये तो स्वतः मॅरेथॉन धावला. नंतर गल्लीतली पोरं त्याच्या मागे धावू लागली. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दुपारी, तासाभराच्या अंतराने, त्यातल्या दोघांनी सुवर्णपदकं घेतली. पीटर स्नेलने 800 मीटरचं आणि मरी हॅल्बर्गने 5,000 मीटरचं. बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळालं.

पण माझ्या मते लिडियार्डचं खरं मोठं काम पुढचं आहे. 1962 साली त्याने आणि कॉलिन के यांनी ऑकलंडमध्ये 'जॉगर्स क्लब' काढला. सभासद होते पोट सुटलेले व्यापारी, निवृत्त लोक, हृदयविकारातून उठलेले रुग्ण. ज्यांना डॉक्टर 'पडून राहा' म्हणत, त्यांना हा माणूस 'हळूहळू चला, मग हळूहळू धावा' म्हणत होता. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं.

त्याच सुमारास अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन (पुढे नायकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक) न्यूझीलंडला आले होते. पन्नाशीचे बॉवरमन लिडियार्डच्या मंडळींबरोबर सहज म्हणून धावायला गेले आणि मागे पडले. त्यांना सोबत करायला एक गृहस्थ थांबले. ते सत्तरी ओलांडलेले आणि हृदयविकाराचे झटके पचवलेले! बॉवरमन घरी परतले ते ही कल्पना घेऊनच. 1967 साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिलं आणि हा शब्द जगभर गेला. तो आपल्या सोसायट्यांच्या 'जॉगिंग ट्रॅक'पर्यंत येऊन पोचला आहे, भले तिथे धावणाऱ्यांपेक्षा गप्पा मारणारे जास्त का असेनात.

डॉक्टरी पुरावाही तेव्हाच गोळा होत होता. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास करून 1953 साली निष्कर्ष छापले. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी होता. कंपनी तीच, बस तीच, फरक खुर्चीचा. हे वाचताना मला बाबांची सायकल आणि बाबांची खुर्ची दोन्ही आठवल्या.

इथवर सगळं गोड आहे, पण जिम फिक्सची गोष्ट टाळून चालणार नाही. हा अमेरिकन संपादक पस्तिशीत धावायला लागला तेव्हा त्याचं वजन 97 किलोच्या आसपास होतं आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं लागत. सिगारेट सुटली, जवळजवळ 27 किलो वजन उतरलं. 1977 सालचं त्याचं धावण्यावरचं पुस्तक तुफान खपलं. आणि 1984 च्या जुलैमध्ये, बावन्नाव्या वर्षी, धावतानाच हृदयविकाराने तो गेला. त्याच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या. त्याचे वडीलही हृदयविकारानेच त्रेचाळिसाव्या वर्षी गेले होते. लोक म्हणाले, बघा, धावून काय झालं! मला त्यातून दिसतं ते एवढंच की उतरलेलं वजन आणि वाढलेला दम म्हणजे आतलं सगळं ठीक असल्याचा दाखला नव्हे. घरात असा इतिहास असेल तर पहिलं पाऊल डॉक्टरांच्या दारात टाकायचं. मी टाकलं. रक्त तपासलं, स्ट्रेस टेस्ट केली, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, आणि मगच बूट घेतले. आत्या, हे तुझ्यासाठी लिहितोय.

आता चुलतभावाचा प्रश्न. लिडियार्डचे शंभर मैल आपल्या कामाचे नाहीत. आपल्या कामाची गोष्ट 1996 सालची, जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने आपल्या पन्नाशीतल्या आईसाठी आखलेली. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. सुरुवातीला पाच मिनिटं भराभर चालायचं, मग एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. पुढे धावणं वाढवत आणि चालणं घटवत शेवटी सलग अर्धा तास. मला नऊ आठवड्यांच्या जागी एकवीस लागले, कारण सहज जमेपर्यंत प्रत्येक आठवडा मी पुन्हा केला. घाई न करण्याला कारण आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पण हाडांना आणि सांध्यांभोवतीच्या दोऱ्यांना त्याच मजबुतीला महिने लागतात. दम आधी येतो, गुडघा मागून येतो. वजनदार माणसाने तर गुडघ्याचंच ऐकायचं.

आणि ब्लॉगर मित्रा, वजन 'आपोआप' उतरत नाही रे! ढोबळ हिशेब असा की एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. मी 92 किलोचा असताना तीन किलोमीटर धावलो की जेमतेम 275 कॅलरी जायच्या, म्हणजे परत येताना घेतलेल्या एका वडापावात हिशेब चुकता. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या धावण्यावर एका किलोला अशा अठ्ठावीस फेऱ्या. माझं वजन हललं ते रात्रीचा भात आणि कँटीनचा दुसरा चहा-बिस्किटांचा राउंड बंद झाल्यावर. दहा महिन्यांत 92 चं 85 झालं. फार नाही. पण सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी मिनिटाला 82 ची 68 वर आली, आणि निगडीची दुर्गाटेकडी चढताना आता मुलीशी बोलता येतं. पाच किलोमीटरला मला 43 मिनिटं लागतात. मागून येणारे आजोबा अजून 'राम राम' करून पुढे जातात.

हे सगळं वाचून झाल्यावर लक्षात आलं की ऑकलंडला जायचीही तशी गरज नव्हती. दरवर्षी ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी ती याच कारखान्यांच्या रस्त्याने पुण्याकडे जाते. माउलींची पालखी आळंदीहून. पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास, वीसेक दिवस, म्हणजे रोजचे बारा-तेरा किलोमीटर सरासरी. गात, बोलत, विसावा घेत. सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात. आणि शेवटाकडे, माउलींच्या सोहळ्यात वेळापूरच्या अलीकडे उतारावर 'धावा' होतो. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आठवण सांगतात. म्हणून सगळे वारकरी तिथे धावतात. त्यात पोटं सुटलेले असतात, पायाला फोड आलेले असतात, आणि आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही दिवशी न धावणारेही असतात. इतके दिवस ते चालत आलेले असतात, म्हणून त्या दिवशी त्यांना धावता येतं.

तेव्हा चुलतभावा, तुझा पहिला महिना नुसता चालण्यात गेला तरी चालेल. बोलत बोलत चाल. एकटा नको असशील तर प्राधिकरणातल्या झाडांच्या रस्त्यावर मंगळवार, गुरुवार आणि रविवारी सकाळी साडेपाचला मी असतोच. आणि आत्या, पुढच्या महिन्यात रक्त पुन्हा तपासायचं आहे. रिपोर्ट आला की आधी तुलाच फोन करीन.