परवाना, शिंदीची झाडं आणि जुळे सोलापुरातली मार्टिनी

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवार आहे, पाणी कालच येऊन गेलंय, म्हणजे आता चार दिवस निवांत. चहा घेऊन बसा.

गेल्या शनिवारी संध्याकाळी जुळे सोलापुरात एका मित्राच्या फ्लॅटवर गेलो होतो. कॉलेजचा मित्र, पुण्यात नोकरी, शनिवार-रविवार इकडे. गॅलरीत खुर्च्या टाकलेल्या, खाली पोरं सायकली फिरवतायत, समोरच्या बिल्डिंगमधून आमटीचा वास. पठ्ठ्यानं पुण्याहून जिन आणि व्हर्मूथ आणलेली. काचेच्या जगात बर्फ, त्यावर जिन, वर थोडीशी व्हर्मूथ, लांब चमच्यानं ढवळलं, गाळून दोन ग्लासांत ओतलं आणि प्रत्येकात एक हिरवं ऑलिव्ह टाकलं. "मार्टिनी," म्हणाला. वहिनींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे आणून ठेवले आणि म्हणाल्या, "भावजी, ते ऑलिव्ह का काय ते खारट लागतंय, त्यापेक्षा लिंबाचं लोणचं देऊ का?"

मी गमतीनं विचारलं, "काय बे, परवाना हाय का तुझ्याकडं?"

तो हसला. "घरात बसून प्यायला कसला परवाना?"

असतो मंडळी. महाराष्ट्रात घरात बसून, स्वतःच्या पैशानं, कुणाला त्रास न देता एक ग्लास घ्यायचा तर कायद्यानं परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. देशी दारूचा एका दिवसाचा दोन रुपयांना. बियर आणि वाईनला वय २१ पूर्ण हवं, बाकीच्याला २५. आणि हा परवाना मुळात कशासाठी, तर तब्येत टिकवण्यासाठी दारूची गरज आहे म्हणून. म्हणजे कागदावर आमचा मित्र रुग्ण आणि ती मार्टिनी औषध.

हे असं का, ते शोधायला बसलो तर गोष्ट फिरून आपल्याच गावात, रूपाभवानीच्या देवळापाशी आली.

आपण लहानपणापासून चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला वळसा घालून जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण त्या सगळ्याची सुरुवात कशापासून झाली, हे विचारलं की मोठी माणसंही अडतात. सुरुवात झाली शिंदीच्या झाडांपासून.

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह चालू, पण सोलापूरला समुद्र कुठला? मिठाच्या ठिकाणी इथं दुसरा सरकारी महसूल हाताशी होता, शिंदीचा. गिरण्यांचं गाव, पाळी सुटली की शिंदीचं दुकान, आणि त्या प्रत्येक थेंबावर सरकारचा अबकारी कर. गांधीजींना ५ मेला अटक झाली. ८ मेला मिरवणूक निघाली आणि त्यातली काही मंडळी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेली. पोलिसांनी धरपकड केली, लोक जमले, कलेक्टर नाइट फौजफाटा घेऊन आला. जमाव चिडलेला. धनशेट्टींनी पुढं होऊन लोकांना आवरलं, असं सांगतात. तरीही गोळी सुटली आणि शंकर शिवदारे हा तरुण जागेवर गेला. मग गाव पेटलं. मंगळवार पेठेच्या चौकीतले पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली, आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत सोलापुरात मार्शल लॉ. गांधी टोपी घातली तरी गुन्हा. ज्या चौघांना फासावर चढवलं, ते पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून.

आता शिंदी म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी सांगतो. खजुरीच्या जातीचं झाड, त्याला खाच पाडून मडकं बांधायचं, रात्रभर रस गोळा होतो. पहाटे घेतला तर नीरा, गोड. ऊन चढलं की आंबतो आणि तीच शिंदी होते. गरिबाची, अंगमेहनतीवाल्याची दारू. झाड सरकारनं मोजायचं, ठेकेदारानं बोली लावायची.

सरकारला हा पैसा किती प्यारा होता? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं आणि विकणं पक्कं सरकारच्या ताब्यात घेतलं. पुढं १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी खातं हिंदी मंत्र्यांकडं आलं, शिक्षण खातंही त्यांच्याकडंच. म्हणजे शाळा काढायची तर पैसा बऱ्याच अंशी दारूतून. बापानं गुत्त्यावर पैसे घालवायचे आणि त्यातून पोरासाठी शाळा निघायची! जोतीराव फुल्यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांवर लेखी हरकत घेतली होती. मुद्दा हाच होता की, ही दुकानं गरिबाचं घर पोखरतायत.

१९३७ ला खेर मंत्रिमंडळ आलं. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर, स्वतः नामांकित डॉक्टर आणि पारशी. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी झाली. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तेवर कर बसवला, त्यावरून गदारोळ. दारूच्या धंद्यात पुष्कळ पारशी होते, त्यांचा राग गिल्डरांवर. मग महायुद्ध, मंत्रिमंडळांचे राजीनामे, बंदी ढिली.

स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई गृहमंत्री. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या प्रांतात पूर्ण बंदी. तारीख बघा, राष्ट्रीय सप्ताहातला पहिला दिवस, दांडीला मीठ उचललं तो दिवस. आपल्याकडंही तेव्हापासून शिंदी बंद.

मुंबईतल्या फ्राम बलसारा नावाच्या एका गृहस्थानं या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं. त्याची मागणी वाचण्यासारखी आहे. मला व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बियर बाळगू आणि पिऊ द्या, झालंच तर औषधी वाईन आणि कोलोन वॉटरसुद्धा. कायदा इतका कडक की अत्तराच्या बाटलीवरही संशय. २५ मे १९५१ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: कायदा बहुतांशी वैध, पण स्पिरिट असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द. घरात बसून प्यायचा हक्क बलसाराला मिळाला नाही. आजही तोच १९४९ चा कायदा चालू आहे. दुकानं उघडली, बार आले, पंचतारांकित हॉटेलं आली, पण कायद्याचं नाव दारूबंदीचंच. पिणारा प्रत्येक माणूस अपवाद आणि अपवादाचा कागद म्हणजे परवाना.

बंदीच्या काळात दारू थांबली का? तर नाही. ती हातभट्टीवर गेली. मुंबईत वरदराजनसारखे लोक त्यावर मोठे झाले. खेड्यापाड्यात गूळ, नवसागर आणि एक पत्र्याचा डबा एवढ्यावर धंदा. ऐपतवाल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळे, त्याच्या कपाटात स्कॉच. गिरणी कामगाराला चिठ्ठी कोण देणार? पुढं वसंतराव नाईकांच्या काळात परवाने सैल झाले आणि १९७३ ला देशी दारूचे नियम येऊन सरकारमान्य देशीची दुकानं निघाली. विषारी गाळपापेक्षा शिक्का मारलेली बाटली बरी, असा हिशेब. तरी २०१५ ला मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेलीच.

आता थोडं घरचं. माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आई गेटवर जाऊन उभी राहायची. तिच्यासारख्या वीस-पंचवीस बायका असायच्या, पदर डोक्यावर, पोरं कडेवर. वडील बाहेर आले की पाकीट आईच्या हातात. ज्या महिन्यात आई आजारी असेल, तेव्हा पाकीट गुत्त्याच्या रस्त्यानं घरी यायचं, हलकं होऊन. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा आईच्या जागी मला पाठवलं होतं. वडील मला बघून थांबले, पाकीट दिलं आणि काही बोलले नाहीत. ते अजून आठवतं. त्यामुळं दारूबंदी म्हणजे निव्वळ मोरारजींचं खूळ, असं जे पुण्यामुंबईचे लोक हसत लिहितात, त्यांच्याशी माझं जमत नाही. बंदी मागणाऱ्या बायका खऱ्या होत्या आणि आहेत. गावात निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद होतं, ती आडव्या बाटलीची लढाई त्यांनीच लढली. वर्धा १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ ला बंदी केली आणि २०२१ ला उठवली, त्यावर अजून भांडण चालू आहे.

पण दुसरी बाजूही माझ्याच टेबलावर आहे. वीस वर्षांहून जास्त बातमीदारी केली. किती वेळा लिहिलं असेल: तांड्यावर छापा, इतके लिटर गूळमिश्रित रसायन जागेवर नष्ट, इतके बॅरल, अमुक महिलेविरुद्ध गुन्हा. पोलिसांची प्रेस नोट जशीच्या तशी. बाईचं पूर्ण नाव, वय, राहणार कुठं, सगळं. शहराला लागून असलेला मुळेगाव तांडा तर आमच्या पानावरचा नेहमीचा. २०२१ ला ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. नुसते छापे न टाकता भट्टीवाल्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून द्यायचा प्रयत्न. तेव्हा पहिल्यांदा आम्ही बातमीदार त्या तांड्यावर बसून बोललो. त्याआधी मी कधी विचारलंच नव्हतं की हा धंदा का करता. उत्तरात काही गूढ नव्हतं. जमीन नाही, ऊसतोडीला सहा महिने जायचं, परत आलं की उचल फेडायची, आणि गूळ उधार मिळतो.

या वीस वर्षांत 'जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर विनापरवाना मार्टिनी, दोन जणांवर गुन्हा' अशी बातमी मी एकदाही लिहिलेली नाही. गुन्हा तर दोन्हीकडं तोच कायदा मोडल्याचा. हो, हातभट्टीनं माणूस मरू शकतो आणि ती विकायला काढलेली असते, हा फरक मोठा आहे, मान्य. पण पाच रुपयांचा कागदसुद्धा न घेणाऱ्या माझ्यासारख्याला कायद्याची भीती अजिबात नाही आणि तिला रोज आहे, हेही तितकंच खरं.

त्या ग्लासात काय होतं तेही बघा. जिनला वास येतो तो ज्युनिपरच्या फळांचा. आपल्या वैद्यांची हपुषा ती हीच. व्हर्मूथ हे नाव जर्मन भाषेतल्या एका कडू वनस्पतीवरून पडलं आणि ती वनस्पती आपल्या दवण्याची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा! आणि अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठवली रूझवेल्टच्या कारकिर्दीत आणि हा अध्यक्ष संध्याकाळी पाहुण्यांना स्वतःच्या हातानं मार्टिनी बनवून द्यायचा. तेरा वर्षांत त्यांनी चूक झाली म्हणून कायदाच काढून टाकला. आपण कायदा ठेवला आणि त्याला भोकं पाडली.

राहिलं स्पिरिट. आपल्या देशात ते पुष्कळदा उसाच्या मळीतून येतं. आणि आपला जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. माळशिरस तालुक्यात श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं १९३० च्या दशकातच कारखाना उभा केला. आज तर दर तालुक्यात धुराडं दिसतं, कित्येकांच्या शेजारी डिस्टिलरी. मळीचं स्पिरिट साधं भरलं की देशी. तेच अधिक शुद्ध करून त्यात वास-रंग मिसळला की सरकारी भाषेत 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. आणि त्याच उसाचा गूळ तांड्यावर डब्यात आंबवला की रसायन. ऊस तोडणारा मात्र पुष्कळदा त्याच तांड्यावरचा.

हे सगळं मित्राला गॅलरीत सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तू प्यायला आलास का कीर्तन करायला?" वहिनी म्हणाल्या, "बोलू द्या की त्यांना." दुसरा ग्लास मी घेतला नाही. तत्त्वानं नव्हे, गाडीवर आलो होतो. आसरा चौकात शनिवारी तपासणी असते.

सोमवारी मी दुकानात जाऊन एका दिवसाचा परवाना मागितला. काउंटरवरच्या पोरानं आधी मला वर-खाली बघितलं. "साहेब, बाटली कुठली देऊ?" म्हणाला. म्हटलं, बाटली नको, नुसता परवाना. त्याला वाटलं मी एक्साईजचा. मालकाला बोलावून आणलं. शेवटी पाच रुपये घेऊन एक चिठ्ठी फाडून दिली, नावाचा रकाना मीच भरला.

एक विनंती. कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांचा १९५०-६० मधला जुना दारू परवाना असेल, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा, नाव झाकून पाठवलं तरी चालेल. आणि रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं नेमकी कुठपर्यंत होती, हे कुणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल, तर तेही लिहा. मला ती जागा पायी फिरून बघायची आहे.