क्रीडा-शिष्यवृत्तीचा करारनामा

विद्येसाठी दिलेले द्रव्य निराळे आणि श्रमाबद्दल दिलेले द्रव्य निराळे, हे कोणीही मान्य करील. परंतु एकाच रकमेला एकाने विद्यादान म्हणावे आणि दुसऱ्याने वेतन म्हणावे, असा प्रसंग आला म्हणजे न्यायालयांची पंचाईत होते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा-शिष्यवृत्तीचा इतिहास अशाच पंचाइतीचा आहे.

आपल्याकडे मल्लविद्येला राजाश्रय होता. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अनेक पहिलवान त्या आश्रयावर मोठे झाले. हा आश्रय मुख्यतः मर्जीचा. अमेरिकेत मात्र मर्जीच्या जागी कागद आला. मग मर्जी संपली काय?

१९५३ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठातील नेमेथ या जखमी फुटबॉलपटूला कामगार म्हणून नुकसानभरपाई मंजूर केली. त्याला विद्यापीठात मिळालेले काम खेळण्यावरच अवलंबून होते, हे त्याचे कारण. पुढे १९५५ साली डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली; पण १९५७ साली त्याच न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. याच सुमारास, १९५६ साली, नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनने केवळ क्रीडाकौशल्यावर शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दही त्याच काळातला. खेळाडू नोकर ठरू नये म्हणून तो योजला होता, अशी कबुली संस्थेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली ग्रंथरूपाने दिली.

या शब्दाची कसोटी १९७२ साली लागली. वेक फॉरेस्ट विद्यापीठातील टेलर हा विद्यार्थी पहिल्या सत्रात अभ्यासात मागे पडला, म्हणून त्याने सराव सोडला. त्याचे गुण सुधारले. शिष्यवृत्ती मात्र बंद झाली. करारावर त्याच्या वडिलांचीही सही होती. तथापि खेळणे ही कराराची अट होती आणि ती मोडली गेली, असे म्हणून नॉर्थ कॅरोलिनाच्या न्यायालयाने पिता-पुत्रांचा दावा फेटाळला. अभ्यास करणारा विद्यार्थी हरला, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लगेच १९७३ साली चार वर्षांची शिष्यवृत्ती एकेका वर्षाची करण्यात आली. म्हणजे कागद असूनही दरवर्षी प्रशिक्षकाच्या मर्जीकडे पाहणे आलेच!

संरक्षण आले ते सावकाश. १९९२ साली क्रेटन विद्यापीठाविरुद्धच्या रॉस खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की शिक्षणाच्या दर्जाबद्दल सर्वसाधारण तक्रार चालणार नाही. परंतु एखादे विशिष्ट वचन दिले असेल आणि ते मोडले असेल, तर दाद मागता येईल. २०१२ पासून अनेक वर्षांच्या शिष्यवृत्त्यांना पुन्हा मुभा मिळाली. २०१५ साली पाच बड्या क्रीडासंघांनी खेळ घसरला एवढ्याच कारणास्तव शिष्यवृत्ती काढून घेण्यास मनाई केली.

आपल्या कायद्याने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात हे निश्चित केले. हे कवच मोलाचे खरे, परंतु अठरावे वर्ष संपताच ते गळून पडते, आणि मुलगा काही एका रात्रीत व्यवहारकुशल होत नाही. म्हणून वयाच्या जोडीला कराराचा मजकूरही पाहिला पाहिजे. दुखापत झाली तर खर्च कोणाचा, खेळ थांबला तर शिक्षण चालणार काय, आणि हे ठरवणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे सहीपूर्वी कागदावर आली पाहिजेत. टेलरच्या वडिलांनी सही केली होती. कमी पडले ते कागदावरील शब्द.