गिरणी कामगार संघटना, मुंबई

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांच्या संघटना. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापलेल्या कंपनीची. पण गिरणीत कामगाराची गाठ मालकाशी क्वचितच पडे. कामावर घेणारा, काढणारा, उसने पैसे देणारा असा एकच माणूस असे, तो म्हणजे जॉबर. मजुराच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि या संघटनांचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (1848–97) यांनी 1884 मध्ये सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागील महिन्याचा पगार 15 तारखेपर्यंत आणि जखमी कामगाराला बरे होईपर्यंत वेतन, अशा मागण्या त्यात होत्या. एप्रिल 1890 मधील मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला वर्गणी, नियम, सभासदांची यादी यांपैकी काहीच नव्हते, तरी आठवड्याची सुट्टी तिच्याच खटपटीने मिळाली, हे विसरता येत नाही.

नोंदणीकृत संघटना 1926 च्या कामगार संघ कायद्यानंतर आल्या. ना. म. जोशी यांचा संघ सनदशीर मार्गाचा होता. दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती व तिच्यामुळे येणारी नोकरकपात यांविरुद्ध 1928 मध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने संप केला. त्या संपातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन वाढली. अर्जुन आळवे तिचे अध्यक्ष, तर श्रीपाद अमृत डांगे सरचिटणीस होते. तिने गिरणीगणिक समित्या नेमल्या, त्यामुळे तक्रार जॉबरला वगळून थेट मांडता येऊ लागली. मात्र चांगल्या पगाराच्या साळखात्याची (विणाई विभागाची) दारे अस्पृश्य कामगारांना बंदच राहिली. धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यातून ‘विटाळ’ होतो, असे कारण दिले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर बोट ठेवले. एकजुटीच्या घोषणांनी ही उणीव झाकली जात नाही. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी झालेल्या संपात मात्र आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकाच ‘प्रातिनिधिक’ संघाला वाटाघाटींचा अधिकार दिला. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. मान्यता सभासदसंख्येवर ठरे. त्यासाठी कामगारांचे गुप्त मतदान होत नसे. या कायद्याने जॉबरची जागा नव्या मध्यस्थाला दिली, असेच म्हणावे लागते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची त्यांची मागणी होती. कामगार सामंतांच्या मागे होते, तर कायदा दुसऱ्या संघाच्या. या पेचातून तडजोडीची वाट निघाली नाही. लाखाहून अधिक जणांचे काम कायमचे गेले. संप मागे घेतल्याची घोषणा झालीच नाही. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा विकास खुला केला आणि कामगार व त्यांचे वारस घरांच्या मागणीसाठी पुन्हा संघटित झाले.